मागे राहिलेल्यांची निष्ठा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांचा दूरध्वनी आला, तेव्हा मी त्यांना नम्रपणे सांगितले की मी इतिहासाचा संशोधक नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय होता, आणि गेली अनेक वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत इतरांनी लिहिलेल्या टिपण्या वाचून त्यांखाली आपली टिपणी लिहितो आहे, एवढेच माझे भांडवल. त्यावर ते म्हणाले, “मग टिपणीच लिहा, पण विषय असा घ्या की घरातल्या सर्वांना ऐकता येईल.” घरातल्या सर्वांना एकत्र आणणारी वस्तू आज एकच उरली आहे आणि ती दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली असते. तेव्हा ऐतिहासिक मालिकांतील कर्तृत्ववान स्त्रिया आणि त्यांची कुटुंबनिष्ठा, या विषयावर चार शब्द बोलावे असे मी ठरविले.

विषय सुचला तोही घरातच. माझ्या कन्येला अलीकडे चिनी ऐतिहासिक मालिकांचा छंद जडला आहे. भाषा कळत नाही, पण खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचीत ती सत्तर-सत्तर भागांच्या मालिका पाहते. तिच्या शेजारी बसून मीही त्यांतल्या दोन थोड्याफार पाहिल्या. २०११ सालची ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ ही युंगचेंग बादशहाच्या अंतःपुराची कथा आहे, तर २०१८ सालची ‘स्टोरी ऑफ यांशी पॅलेस’ ही त्याचा पुत्र छियानलुंग याच्या काळातील आहे. हे बादशहा आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. युंगचेंग गादीवर आला तेव्हा साताऱ्यास शाहू महाराज राज्य करीत होते, आणि अहिल्याबाई महेश्वरी राज्यकारभार पाहात होत्या त्या सर्व काळात चीनच्या गादीवर छियानलुंग होता. पेकिंगच्या वाड्यात रेशमी पडद्याआड जे घडले असेल, त्याच वेळी आपल्याकडे सातारा, पुणे आणि महेश्वर येथेही काही घडत होते.

या चिनी मालिकांतील स्त्री बुद्धिमान आहे, धीट आहे. पण तिची सारी बुद्धी बहुधा दुसऱ्या स्त्रीचा डाव उलटविण्यात खर्ची पडते. तिकडच्या वृत्तपत्रांनीही २०१९ च्या आरंभी या अंतःपुराच्या मालिकांवर टीका केली. तथापि चिनी परंपरेत याहून निराळी कथाही आहे. सोंग राजवटीतील यांग घराण्याची आख्यायिका तिकडे नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या दाखविली जाते. घरातील कर्ते पुरुष रणांगणावर पडल्यावर वृद्ध सासू आपल्या विधवा सुनांना घेऊन सीमेचे रक्षण करावयास निघते. कन्येने ती कथा मला सांगितली आणि विचारले, “बाबा, आपल्याकडे असं कुणी नव्हतं का?” मी म्हणालो, “होतं की! आणि आपल्याकडे तर ती आख्यायिका नाही, इतिहास आहे.” हे बोलताना मला जरा अभिमान वाटला. तो अभिमान पुढे कसा उतरला, ते शेवटी सांगणार आहे.

प्रथम आपल्या मालिकांकडे पाहू. मी साताऱ्याचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मी महाविद्यालयात असताना, दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागत असे. रणजित देसाई यांच्या १९६२ च्या कादंबरीवर आधारलेली, गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केलेली ती मालिका. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमा. आमच्या आळीत दूरचित्रवाणी संच एकाच घरी होता. त्या दिवशी त्या घरी चपलांचा ढीग पडे. १७७२ साली थेऊरला माधवरावांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. तो प्रसंग आला तेव्हा माझ्या आईने पदर डोळ्यांस लावलेला मला आजही दिसतो.

पुढे २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ आली. तीत जिजाऊंची भूमिका केली ती त्याच मृणाल देव यांनी, म्हणजे तोवरच्या मृणाल कुलकर्णी यांनी. नंतर तर ओघच सुरू झाला. हिंदीत २००९ पासून ‘झाँसी की रानी’, मराठीत २०१२ मध्ये रमाबाई रानडे यांच्यावरील ‘उंच माझा झोका’, २०१७ ते २०२० ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, २०१९ मध्ये ‘स्वराज्यजननी जिजामाता’, २०२१ मध्ये हिंदीत ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ आणि त्याच वर्षी मराठीत ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना या मालिकांनी आपल्या इतिहासातील नावे तरी कानांवर घातली, हे ऋण मी मान्य करतो.

परंतु या मालिकांत स्त्रीचे दोनच साचे पुन्हापुन्हा दिसतात. एक ओवाळणारी, वाट पाहणारी, डोळे भरून येणारी. तिच्यापाशी निष्ठा आहे, पण निर्णय नाही. दुसरी कटकारस्थाने करणारी सावत्र आई अथवा महत्त्वाकांक्षी राणी. तिच्यापाशी निर्णय आहे, पण निष्ठा नाही. निष्ठा आणि निर्णय एकाच स्त्रीच्या ठायी नांदताना क्वचित दिसतात. इतिहासातील आपल्या मोठ्या स्त्रियांचे मोठेपण मात्र नेमके तेथेच आहे. या दृष्टीने मी आज मुख्यतः एकाच स्त्रीविषयी बोलणार आहे. त्या म्हणजे महाराणी येसूबाई.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका संपली. तुळापूरचे ते शेवटचे भाग आपण सर्वांनी जड अंतःकरणाने पाहिले. संच बंद झाला. घरात कोणी बोलेना. तेव्हा आमच्या सौभाग्यवती हलकेच म्हणाल्या, “संपली? आता तर तिचं सुरू होणार होतं.”

त्या एका वाक्याने मला मंडळाच्या ग्रंथालयात धाडले. सरदेसायांची ‘मराठी रियासत’ पुन्हा उघडली. साताऱ्यात जन्मून, वाढून, मला जे ठाऊक नव्हते ते दिल्लीत बसून वाचले.

येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. त्यांचे बंधू गणोजी हे शिवाजी महाराजांचे जावई. म्हणजे भोसले आणि शिर्के या दोन घराण्यांत दुहेरी सोयरीक होती. पुढे वतनाच्या प्रश्नावरून संभाजी महाराज आणि शिर्के यांचे वितुष्ट आले. सासर आणि माहेर एकमेकांसमोर उभे ठाकले असता मधल्या स्त्रीची काय अवस्था होते, हे आपल्यातील अनेक भगिनींना वेगळे सांगावयास नको. अशा स्थितीत संभाजी महाराजांनी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. आपल्या गैरहजेरीत कारभार पाहण्याचा अधिकार दिला आणि ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी मुद्रा दिली.

१६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वरी महाराज पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. मोगली फौजा रायगडाखाली आल्या. गडावर येसूबाई, सात वर्षांचाही न झालेला शाहू आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम. गादीवर स्वतःच्या मुलाचा हक्क सांगण्यास याहून योग्य वेळ कोणती? कोणी दोषही दिला नसता. पण लहान मुलाच्या नावाने या प्रसंगी राज्य चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. राजारामांचे मंचकारोहण झाले. राजघराण्यातील सर्वांनी एकाच गडावर अडकून पडणे म्हणजे राज्यच एका डावावर लावणे होय. म्हणून राजारामांनी बाहेर पडावे, आपण शाहूसह गड लढवीत राहू, असा सल्ला येसूबाईंनीच दिल्याचे बखरकार सांगतात. ५ एप्रिलला राजाराम रायगडावरून निसटले आणि पुढे दूर दक्षिणेस जिंजी येथे राज्याची नवी राजधानी झाली. रायगड नोव्हेंबरपर्यंत टिकला. नंतर येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले.

पतीच्या वधाला महिनाही लोटला नसता घेतलेला हा निर्णय आहे. कचेरीत आम्ही एखादी साधी नस्ती तीन-तीन महिने ‘विचाराधीन’ ठेवतो. त्या स्त्रीने दुःखाला बाजूला बसवून राज्याचा विचार केला, आणि त्याची किंमत स्वतः व स्वतःच्या मुलाने मोजावी असे ठरविले. कुटुंबनिष्ठा हा शब्द आपण पती, पुत्र, एवढ्यापुरता वापरतो. येसूबाईंनी तो सबंध घराण्यासाठी, घराण्याच्या राज्यासाठी वापरला.

त्यानंतरची कैद थोडीथोडकी नव्हे, तीस वर्षांची होती. पहिली अठरा वर्षे औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत. ती छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीस कित्येक वर्षे तळ देऊन होती. म्हणजे आपल्याच मुलखात, आपल्याच नदीच्या काठी परक्यांच्या पहाऱ्यात राहणे. या काळात बादशहाची कन्या झीनतउन्निसा हिने या मायलेकांना मायेने वागविले, असे इतिहासकार नोंदवितात. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि शाहूंची सुटका झाली. पण आई सुटली नाही. मुलगा शब्दाला जागावा म्हणून त्याची आई, सावत्र भाऊ मदनसिंग आणि इतर मंडळी ओलीस ठेवली गेली, आणि त्यांना नेण्यात आले ते आपल्या या दिल्लीस.

पुढील बारा वर्षे शाहू महाराज साताऱ्यास आणि आई दिल्लीत. अखेर पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी सय्यद हुसेन अलीशी करार केला आणि मराठी फौजा १७१९ च्या आरंभी प्रथमच दिल्लीत आल्या. सोबत तरुण बाजीरावही होते. शहरात दंगल उसळली. सुमारे दीड हजार मराठे या नगरीत मारले गेले. त्यांत नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हेही होते. मार्चमध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्या, आणि येसूबाईंची मुक्तता झाली. जुलैमध्ये त्या साताऱ्यास पोहोचल्या. रायगडावरून उतरताना कडेला असलेला मुलगा आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता.

शाळेत आपण १७१९ च्या सनदा पाठ करतो. त्या सनदांबरोबर एक आई घरी परतली, हे पाठ्यपुस्तकाच्या एका अर्ध्या ओळीत संपते, आणि मालिकेत तर तेथवर आपण पोहोचतच नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी महिला हाटवरील जुन्या पुस्तकांच्या बाजारास आम्ही तिघे गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून दर्यागंजातील घटा मशीद पाहिली. तीच झीनत-उल-मसाजिद, झीनतउन्निसाने अठराव्या शतकाच्या आरंभी ती बांधविली. राजकन्या १७२१ पर्यंत हयात होती. म्हणजे येसूबाईंनी दिल्ली सोडली तेव्हा तीही होती. त्या लाल दगडांपाशी उभे असताना मनात आले की बदलीचा हुकूम घेऊन आलेले आपण दिल्लीस परदेश म्हणतो, आणि सुट्टी लागली की गाडीचे आरक्षण करतो. त्या माउलीपाशी परतीचे तिकीट नव्हते.

येसूबाईंच्या शेजारी ताराबाईंना ठेवून पाहिले म्हणजे हा विषय किती गुंतागुंतीचा आहे ते कळते. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा हंबीरराव मोहित्यांची ही कन्या पंचविशीत होती. तिने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज देऊन राज्य राखले. शाहू परतले तेव्हा मात्र तिने आपल्या मुलाचाच हक्क खरा मानला. एका जावेने मुलाचा हक्क बाजूस ठेवला, दुसरीने तो लढविला. दोघींनीही घराण्यासाठीच केले. पुढे ज्या रामराजास ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणले, त्यालाच १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. निष्ठेला हट्टाची धार लागली की ती आपल्याच माणसांना कापते. मालिकेने हे दाखवावे. खलनायिका म्हणून नव्हे, आणि देवी म्हणूनही नव्हे. एक थोर, थकलेली, हट्टी बाई म्हणून.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. कुंभेर येथून, म्हणजे दिल्लीहून, काही फार दूर नाही. भरतपूरच्या जवळ आहे. मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि राज्याच्या कामात घातले. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीस जावे, दारूगोळ्याची तरतूद करावी, अशा आशयाची त्यांनी १७६५ मध्ये सुनेला धाडलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत सांत्वन नाही, कौतुक नाही. वरिष्ठाने विश्वासू अधिकाऱ्यास लिहावे तसे काम आहे. मला तर त्याहून मोठे कौतुक ठाऊक नाही. पुढे सासरे गेले, मुलगा मालेराव गेला, आणि १७९५ पर्यंत त्या एकट्या उभ्या राहिल्या. जिजाऊंचेही तेच. १६६४ मध्ये शहाजीराजे गेल्यावर त्या सती जाण्यास निघाल्या असता शिवाजी महाराजांनी त्यांना थांबविले. त्या थांबल्या म्हणून १६६६ मध्ये महाराज आग्र्यास जाऊ शकले. मागे कारभार पाहावयास आईसाहेब होत्या.

आता ‘स्वामी’तील त्या शेवटच्या प्रसंगाकडे वळतो. आम्ही तेव्हा रडलो, आणि त्या रडण्यात लबाडी नव्हती. परंतु आज मला असे वाटते की चितेच्या ज्वाळांनी आपले डोळे दिपतात आणि मागे राहून दिवा तेवत ठेवणारी आपल्याला दिसेनाशी होते. जिजाऊ, येसूबाई, ताराबाई, अहिल्याबाई या मागे राहिल्या. मागे राहणे ही निष्ठेची कमी प्रत नव्हे; किंबहुना तीच अधिक कठीण आहे, कारण ती एका दिवसात संपत नाही. मालिकेला मात्र शेवटचा भाग हवा असतो. झाशीच्या राणीची मालिका १८५८ पाशी थांबते. ज्या दत्तक पुत्राला पाठीशी बांधलेले आपण प्रत्येक पुतळ्यात पाहतो, ते दामोदरराव पुढे इंदुरास तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगले आणि १९०६ मध्ये वारले, हे कोण दाखविणार?

आता वचन दिल्याप्रमाणे माझ्या अभिमानाविषयी.

२००९ मध्ये साताऱ्यास माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. मी त्या वेळी येथे लक्ष्मीबाई नगरातील सरकारी क्वार्टरात राहात होतो. बदली मिळण्यासारखी नव्हती. सौ. तेव्हा येथील एका शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी नोकरी सोडली, मुलीला घेऊन त्या साताऱ्यास गेल्या आणि आठ वर्षे तेथे राहिल्या. आईला उचलणे, भरविणे, रात्री कुशीवर वळविणे, सारे त्यांनी केले. मी महिन्याला पैसे पाठवीत होतो, वर्षातून दोनदा जात होतो, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात आपल्यापैकी कितीतरी घरांचे मोदक खात होतो. २०१७ मध्ये आई गेली. तेराव्याला जमलेले नातेवाईक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आईचं चांगलं केलंस हो.” मी मान खाली घालून ते ऐकून घेतले. चार पावलांवर सौ. पंगत वाढीत होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘मी नव्हे, हिने केले’ एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

हे भाषण लिहावयास घेतले तेव्हा मी सौ. ना मोठ्या उत्साहाने येसूबाईंची गोष्ट सांगितली, आणि म्हणालो, “तुम्हीही त्यांच्यासारख्याच मागे राहिलात.” त्या भाजी निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “अहो, येसूबाईंनी स्वतः ठरवलं होतं. मला कुणी विचारलं होतं का?”

मला उत्तर देता आले नाही. खरेच, २००९ मध्ये कोणीही विचारले नव्हते. मी नाही, आईने नाही, थोरल्या बंधूंनीही नाही. सर्वांनी ते गृहीतच धरले होते. कन्या समोरच बसली होती. ती म्हणाली, “आईला विचारलं असतं तरी ती गेलीच असती, बाबा. पण विचारायला हवं होतं.”

बंधुभगिनींनो, मालिकावाल्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांनी निष्ठेपासून निर्णय वेगळा काढला, असे मी मघाशी म्हणालो. पण आपण आपल्या घरांत तरी निराळे काय केले? बदलीच्या गावी संसार मांडणारी, भाषा न कळणाऱ्या बाजारात भाव करणारी, मुलांना बाराखडी गिरवून घेणारी, आणि वेळ आली की गावी सासू-सासऱ्यांपाशी जाऊन राहणारी स्त्री या सभागृहात प्रत्येक रांगेत बसली आहे. तिची निष्ठा आपण गृहीत धरली आणि तिचा निर्णय विचारात घेतला नाही.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे झाली. या स्मरणिकेत आजवरच्या अध्यक्षांची व कार्यवाहांची यादी छापली जाईल. ती छापलीच पाहिजे, कारण त्यांचे श्रम मोठे आहेत. माझी विनंती एवढीच की ही स्मरणिका घरी नेल्यावर आपापल्या प्रतीत, शेवटच्या कोऱ्या पानावर, प्रत्येकाने आपल्या घरी मागे राहिलेल्या स्त्रीचे नाव स्वतःच्या हाताने लिहावे. मी माझ्या प्रतीत लिहिणार आहे. तेराव्या दिवशी जे बोलावयास हवे होते, ते आज आपणा सर्वांसमक्ष बोलतो: माझ्या आईचे सारे माझ्या पत्नीने केले.